गुंडप्पांचा चेहरा आणि मंजुअक्काचा डबा

आमच्या घरात देवपूजेला उशीर झालेला चालतो, पण मंजुअक्काच्या डब्यावर कुणी चहाचा कप ठेवलेला चालत नाही. मंजुअक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, मंजुश्री. आणि डबा म्हणजे जेवणाचा नव्हे, व्हिडिओ प्रोसेसर. राखाडी लोखंडी पेटी, पुढे गोल बटणांची रांग, मागे तारांचा गुंता. व्हीसीआरमध्ये जुनी कॅसेट लावायची, तिचं चित्र तारेतून या पेटीत येतं, बटणं फिरवली की त्यातला उजेड, रंग, ठळकपणा कमीजास्त होतो, चित्रावरची ठिपक्या-रेघांची खरखर पुसली जाते, आणि पलीकडून जे बाहेर पडतं ते कॉम्प्युटरमध्ये साठवायचं. काम एवढंच. पण अक्का ते अशा थाटात समजावून सांगते की पेटीचा शोध हिनेच लावला असं ऐकणाऱ्याला वाटावं. मी तिला तसं तोंडावर म्हणूनही पाहिलं आहे. ती म्हणाली, "शोध लावणाऱ्याला वापरता आली असती का, ते विचार आधी."

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत आमचं दुकान आहे. पुढे मी बसते. गिऱ्हाईक, फोन आणि भांडणं माझ्याकडे. मागच्या खोलीत, पडद्याआड, अक्का बसते. तिने पन्नाशी ओलांडली आहे. अंगाने भरलेली, आवाज खणखणीत, कपाळावर सकाळच्या पूजेनंतर तीन बोटांनी ओढलेले विभूतीचे पांढरे पट्टे आणि त्यांच्याखाली ठसठशीत कुंकू. आम्ही लिंगायत, त्यामुळे घरात लहानथोर सगळेच विभूती लावतात. पण आमचे पट्टे दुपारपर्यंत कुठे असतात ते आम्हालाच ठाऊक नसतं, अक्काचे संध्याकाळी दुकान बंद करतानाही जागच्या जागी असतात. विभूतीचीही बहुधा हिच्यापुढे हलायची छाती होत नसावी.

ती मूळची उदगीरची. तिचे वडील लग्नाचं शूटिंग करायचे. मुलीला परक्यांच्या मांडवात कॅमेरा देऊन कोण पाठवणार, म्हणून भाऊ शूटिंगला जायचे आणि अक्काला वडिलांनी घरात मिक्सिंगच्या टेबलावर बसवलं. भावांनी हलवून-डुलवून आणलेलं चित्र ही सरळ करायची. वडिलांनी हैदराबादहून हा डबा आणला तेव्हा भावांना त्यातलं एक बटण कळेना, आणि हिने चार दिवसांत सगळी पाठ केली. पुढे भाऊ धंदा सोडून गेले, एक अडतीवर बसला आणि एक बिदरला गेला. अक्काचं लग्न ठरलं. वडिलांनी विचारलं, रुखवतात काय ठेवू? ही म्हणाली, डबा ठेवा. आमच्या सासरच्या मंडळींनी रुखवत बघितलं तर शेवया, कुरडया, ताटं-वाट्या आणि मधोमध ती राखाडी पेटी, तिच्या अंगावर हळदीकुंकवाची बोटं. सासूबाईंना वाटलं, इस्त्रीचं काही नवीन यंत्र असेल.

कॅसेटी बंद झाल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या. मोठे भाऊजी, म्हणजे अक्काचे यजमान अमरेश, यांनी एकदा घर आवरताना डबा भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवला. अक्का पायात चप्पल न घालता गाडीमागे गेली आणि डबा कडेवर घेऊन परत आली. भाऊजी आठवडाभर तिच्या हातची भाकरी मागून खात होते; वाढत कुणी नव्हतं. आता तेच भाऊजी पाहुण्यांना सांगतात की डबा जपून ठेवायची कल्पना मूळ माझी. कारण आता लोकांना एकदम आठवण झाली आहे. कपाटाच्या वर, माळ्यावर, गव्हाच्या कोठीमागे पडलेल्या कॅसेटी घेऊन लोक येतात आणि म्हणतात, पेनड्राइव्हमध्ये घालून द्या. नांदेड जिल्ह्यातूनसुद्धा येतात.

हे काम करणारे लातुरात आणखीही आहेत. पण ते कॅसेट आहे तशी कॉम्प्युटरमध्ये घेतात आणि दुरुस्ती मागाहून करत बसतात. अक्काला हे पसंत नाही. ती चित्र चालू असतानाच डाव्या हाताने उजेड आणि उजव्या हाताने रंग सांभाळते. मांडवातून नवरी बाहेर उन्हात आली की हात खाली, उन्हातून घरात गेली की हात वर. पुढचं चित्र कसं येणार हे तिला आधीच कळल्यासारखं असतं, आणि ते बघण्यासारखं असतं हे मलाही कबूल करावं लागतं. मी एकदा म्हटलं, "अक्का, आधी बटणांना हात न लावता एक कोरी प्रत घेऊन ठेवत जा. चुकलंमाकलं तर असावी."

"भाकरी आधी भाजून मग थापतेस का गं तू?" ती म्हणाली. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

आणि गिऱ्हाईकही तिला डोक्यावर घ्यायचं. धर्माबादच्या एका मिरची व्यापाऱ्याने दुकानाच्या उद्घाटनाची कॅसेट आणली होती, त्यातल्या मिरचीच्या राशी मातकट झाल्या होत्या. अक्काने त्या अशा लाल केल्या की बघणाऱ्याला ठसका लागावा. मुरुडची एक बाई तर आपल्या लग्नातलं आपलं तोंड बघून आनंदाने रडली, कारण अक्काने तिला दोन हात गोरी केली होती. सासरच्या समस्त बायकांना तिने ते बोलावून दाखवलं. अक्काचा नियमच होता, चित्र बघून डोळ्याला सुख झालं पाहिजे. खरखर दिसली की पुसायची, अंधार दिसला की उजेड करायचा, माणूस काळवंडलेला दिसला की उजळायचा. एकही कॅसेट तिच्याकडे परत आली नव्हती, आणि हे ती दिवसातून एकदा तरी मला ऐकवायची.

मागच्या हिवाळ्यात उदगीरहून दयानंदभाऊ आले. मोंढ्यात त्यांची अडत आहे. हातातल्या कापडी पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली एक कॅसेट होती.

"माझ्या लग्नाची हाय, अक्का," ते म्हणाले. "अप्पा हायेत हिच्यात. माझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी गेले ते. अव्वा आता ऐंशीच्या घरात हाय, म्हणून राहिली की एकदा बघायचंय."

अप्पा म्हणजे त्यांचे वडील, गुंडप्पा. अव्वा म्हणजे आई, रत्नम्मा.

अक्काने कॅसेटीचं झाकण उचलून आत पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. फितीच्या कडेला बुरशी होती. चालवून पाहिली तर तपकिरी भुकटी गळायला लागली. फितीवरची ही भुकटी म्हणजेच चित्र. ती गळाली की तेवढं चित्र गेलं. कुणाचा हात जातो, कुणाचा मांडव जातो, आणि त्या जागी पडद्यावर पांढऱ्या आडव्या रेघा उमटतात.

"हिच्यात फार दम न्हाई," अक्का त्यांना म्हणाली. "पण माझ्या हातात दिलीत न्हवं? जावा बिनघोर."

ती कॅसेट अक्काने सकाळच्या वेळी घेतली. गुंडप्पा त्यात फारसे नव्हतेच. मुलाच्या लग्नात बाप कुठे एका जागी उभा असतो? कुठे पाठमोरे, कुठे कुणाच्या खांद्यामागे. समोरून त्यांचा चेहरा दिसतो तो एकदाच. पंगत बसली आहे, गुंडप्पा वाढप्यांच्या मागे आग्रह करत फिरत आहेत, आणि एकदम वळून ते कॅमेऱ्याच्या अंगावर येतात. हात हलवून शूटिंगवाल्याला हाकलतात, जेवणाऱ्यांची तोंडं काय काढतोस म्हणून. काय म्हणाले ते ऐकू येत नाही, कारण त्या काळच्या पद्धतीप्रमाणे मिक्सिंगवाल्याने सबंध पंगतीवर गाणी चढवली होती. अक्कानेही त्या काळी हेच केलेलं असणार, पण त्यावर ती बोलत नाही. म्हणजे गुंडप्पांचं उरलं होतं ते एवढंच: चहा गाळायला लागतो तेवढा वेळ दिसणारं तोंड.

नेमक्या त्या जागी फीत फार खराब होती. आडव्या पांढऱ्या रेघांचा नुसता पाऊस. मागून हॅलोजनचा दिवा, तोंडावर सावली. अक्काच्या हातांनी वर्षानुवर्षं केलं तेच केलं. पुसायचं बटण पार शेवटापर्यंत, उजेड वर, रंग वर. रेघा नाहीशा झाल्या. गुंडप्पांचा चेहरा स्वच्छ, गोरापान आणि गुळगुळीत होऊन वर आला.

"सुकन्या, इकडं ये," तिने मला हाक मारली. "बघ. तांदूळ निवडल्यासारखं केलं का न्हाई?"

मी बघितलं आणि झकास म्हटलं. मी गुंडप्पांना कधी पाहिलं होतं?

दयानंदभाऊ पेनड्राइव्ह घेऊन गेले आणि त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. सगळ्या पाहुण्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो तुकडा टाकला होता, लोक हात जोडून राहिले होते, अप्पा किती देखणे होते म्हणून राहिले होते. अक्काने फोन ठेवून माझ्याकडे नुसतं बघितलं. ते बघणं मला चांगलं ओळखीचं आहे.

आठेक दिवसांनी दयानंदभाऊ पुन्हा दुकानात आले, या वेळी आईला घेऊन. रत्नम्मा बारीक अंगाच्या, हातात काठी, इरकल लुगडं. दयानंदभाऊ ओशाळलेले होते. "अव्वा ऐकंनाच," ते हळूच मला म्हणाले. "म्हणली, त्या बाईकडं ने मला."

रत्नम्मा बाकावर टेकल्या. अक्का पडदा सारून बाहेर आली, नमस्कार केला आणि कौतुक ऐकायच्या तयारीने उभी राहिली.

"पोरी," रत्नम्मा म्हणाल्या, "त्या कॅसेटीत पंगतीत फिरून राहिला तो कोण हाय?"

"तुमचे मालक की, अव्वा."

"आमचे मालक न्हाईत ते. त्यांच्या तोंडावर देवीचे वण व्हते. बारीकपणी देवी आलत्या त्यांना, गालावर बोट ठिवायला जागा न्हवती. आन् कपाळाला इबत्ती व्हती. पोराच्या लग्नात इबत्तीबिगर फिरतील का ते? हा कोनतरी शिनेमातला माणूस हाय."

"अव्वा, लोक चांगलं म्हणून राहिलेत," दयानंदभाऊ म्हणाले. "कशाला अक्काला तरास?"

मला खरं तर रत्नम्मांचा रागच आला. एवढ्या गळक्या कॅसेटीतून माणूस उभा करून दिला, वर हे बोलणं! मी काहीतरी लावून बोलणार होते, तेवढ्यात अक्काच कडाडली. "अव्वा, बापाच्या घरापासून हे काम करून राहिले मी. एक कॅसेट माघारी आलेली न्हाई आजवर."

रत्नम्मा तिच्यावर रागावल्या नाहीत. काठी दोन्ही हातांत धरून त्या सांगू लागल्या. मालकांना फोटोची आवड नव्हती. ते गेल्यावर घरच्यांनी कुठल्याशा घोळक्याच्या फोटोतून त्यांचं तोंड कापून मोठा फोटो करायला दिला. फोटोवाल्याने त्यावर ब्रशाने रंग भरला, अंगात कधी न घातलेला कोट चढवला, ओठ लाल केले, वण बुजवले. तो फोटो समोरच्या भिंतीवर लावला आणि त्याला रोज फुलं वाहिली.

"पहिली दोन-चार वर्सं मला कळायचं की हे ते न्हाईत," त्या म्हणाल्या. "मग रोज बघून बघून तोच बसला डोक्यात. आता डोळे मिटले तर फोटो दिसतो, पोरी. कोट घातलेला. माणूस दिसंना झालाय मला. म्हणून कॅसेट बघायची व्हती. एकदा फोटोवाल्यानं पुसलं, आता तू पुसलंस. मी ज्याच्यासंग संसार केला तो कुटं हाय?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. अक्का वळून आत गेली. मी मागोमाग गेले. तिने तो तुकडा लावला, गुंडप्पांच्या तोंडावर थांबवला आणि बघत उभी राहिली. स्वच्छ, गोरं, मोकळं कपाळ.

"सुकन्या," ती म्हणाली, "आडव्या पांढऱ्या रेघा होत्या न्हवं इथं. मला वाटलं, फितीच्या हायत."

मी तिच्या कपाळाकडे बघितलं. रोज सकाळी आरशात बघून तीन बोटं ओढणारी ही बाई, तिने एका लिंगायताच्या कपाळावरची विभूती खरखर समजून पुसून टाकली होती. दुसऱ्या कुणाच्या हातून हे झालं असतं तर मी त्याला जन्मभर चिडवलं असतं. तिला चिडवायला माझी जीभ रेटेना.

पण मंजुअक्का रडत बसणारी बाई नव्हे. ती बाहेर आली आणि रत्नम्मांसमोर उभी राहिली. "अव्वा, चूक माझी झाली," ती म्हणाली, आवाज होता तेवढाच खणखणीत. "तुमचे मालक अजून त्या फितीत हायत. मी काढून देते."

"अक्का, कॅसेट टिकंल का पण?" दयानंदभाऊंनी विचारलं. "मागच्या वेळी तुम्हीच म्हणला व्हता, हिच्यात दम न्हाई."

"एकदा चालंल. त्याच्या पुढं तिचा भरवसा न्हाई."

"मग नकोच. तुटली तर हाय ते बी जाईल."

"हाय ते काय हाय, दया?" रत्नम्मा म्हणाल्या. "लाव पोरी तू."

अक्काने कॅसेट उघडली. फीत जुन्या डबीतून काढून एका नव्या कोऱ्या कॅसेटीच्या डबीत बसवली, बुरशी मऊ कापडाने टिपली, व्हीसीआरच्या आतलं फीत वाचणारं डोकं स्पिरिटने पुसलं. या सगळ्यात दुपार झाली. मी दुकानात आलेल्या दोन गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून वाटेला लावलं. आणि मग तिने जे केलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. व्हीसीआरची तार डब्यातून उपसून काढली आणि सरळ कॉम्प्युटरला जोडली.

"कोरी प्रत?" मी विचारलं.

"बोलू नको," ती म्हणाली. मी बोलले नाही, पण मला बरं वाटलं हे कबूल करते.

कॅसेट सुरू झाली. अक्काचे दोन्ही हात मांडीवर होते आणि तिला ते कुठे ठेवावेत कळत नव्हतं. वरात गेली, अक्षता गेल्या, पंगत आली. गुंडप्पा वळले, कॅमेऱ्याकडे आले, हात हलवला, गेले. पुढे नवरा-नवरीच्या घासाला पोहोचता पोहोचता आतून करकर आवाज आला, पडद्यावर नुसत्या मुंग्या नाचल्या, आणि अक्काने बटण दाबून व्हीसीआर उघडला तर फीत चुरगळून तुटली होती. दयानंदभाऊंनी डोक्याला हात लावला. अक्काने तुटलेली टोकं हातात घेतली, बघितली आणि बाजूला ठेवली. "पंगतीपर्यंत आलं हाय सगळं," ती म्हणाली. "तेवढंच पाहिजे व्हतं."

तिने रत्नम्मांना आत बोलावलं. त्या खोलीत गिऱ्हाइकाला कधीच प्रवेश नाही. मोठ्या भाऊजींनाही ती दाराशी उभं करते. रत्नम्मांना तिने आपल्या खुर्चीवर बसवलं, स्वतः स्टूल घेतलं आणि कोरं चित्र लावलं.

त्यात गुंडप्पा नव्हतेच. अंगरखा होता, हलणारा हात होता, मागे हॅलोजनचा भगभगता उजेड होता, आणि तोंडाच्या जागी रेघांनी भरलेला एक काळा गोळा.

"हे बी न्हाईत," रत्नम्मा म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खचला.

"म्हणून म्हणत व्हतो, पहिलंच राहू द्या," दयानंदभाऊ दारातून म्हणाले. "वडिलांना असं काळं..."

"भाऊ, तुम्ही समोर जाऊन चहा घ्या," अक्का म्हणाली. ते गेले. तिने एकदा चहा घ्या म्हटल्यावर भले भले जातात.

मग तिने डबा पुढे ओढला. कॉम्प्युटरमधलं चित्र तारेने डब्यात, डब्यातलं टीव्हीवर. आता घाई नव्हती. कोरी प्रत हवी तितक्या वेळा चालणार होती. गुंडप्पा वळतात त्या जागी तिने चित्र थांबवलं.

"अव्वा, मी ह्यांना पाहिलेलं न्हाई," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलंय. तुम्ही सांगा, मी हात फिरवते."

उजेड हळूहळू वर आला. काळ्या गोळ्यातून नाक दिसलं, मिशी दिसली.

"अजून थोडं," रत्नम्मा म्हणाल्या. "अजून... आता लई गोरे झाले. खाली घे."

अक्काने खाली घेतलं. रंग किंचित तांबूस केला, पुन्हा काढला. पुसायच्या बटणाला तिने बोट लावलं आणि पडद्यावरची खरखर थोडी निवळली.

"वण गेले बघ," रत्नम्मा लगेच म्हणाल्या.

"खरखर काढली की वण बी जातात, अव्वा. दोन्ही बारीकच हायत. ह्या डब्याला फरक कळत न्हाई."

"मग ऱ्हाऊ दे की खरखर. मला काय ह्यांना पोरगी दाखवायची हाय?"

अक्का हसली आणि तिने ते बटण उलटं, पार शून्यावर आणलं. गालावर चित्र मुंग्या आल्यासारखं झालं, पण त्यात खळगे दिसायला लागले. राहिलं कपाळ. फितीच्या रेघा आणि विभूतीचे पट्टे, दोन्ही पांढरे, दोन्ही आडवे. अक्काने चित्र एक एक पाऊल पुढे सरकवलं. फितीच्या रेघा प्रत्येक पावलाला जागा बदलत होत्या, आणि जे हलत नव्हतं, कपाळाबरोबर वळत होतं, ते ती बोटाने दाखवत होती. मग त्यातलं सगळ्यात स्वच्छ चित्र तिने निवडलं आणि उजेडाचं बटण इतकं हळू फिरवलं की फिरतंय हे मला कळत नव्हतं. हे तिच्यासारखं लातुरात कुणाला जमणार नाही, आणि हे मी तिची जाऊ असून लिहीत आहे. एक पट्टा वर आला. दुसरा आला. तिसरा आला, पण अर्धाच. उजव्या भुवईच्या वर तो तुटलेला होता.

अक्काने मागेपुढे करून बघितलं, रंग बदलून बघितला. तो जुळेना.

"एवढं न्हाई निघायचं, अव्वा," ती शेवटी म्हणाली. "तिथली फीतच झडली असंल. दोन पुरे हायत, तिसरा..."

रत्नम्मा खुर्चीवरून पुढे वाकल्या होत्या.

"फीत न्हाई झडली," त्या म्हणाल्या. "त्यांना घाम लई यायचा. मनगटानं पुसायचे, असं, उजव्या हातानं. मी रोज बोलायची, पुसू नका, इबत्ती जाते. ऐकलं न्हाई कधी. तिसरा पट्टा दुपारला कधी पुरा ऱ्हायलाच न्हाई त्यांचा."

अक्काचा हात बटणावर तसाच राहिला. पडद्यावर एक काळसर, वणांनी भरलेला, चिडलेला माणूस आमच्याकडे बघत होता. देखणा मुळीच नव्हता.

रत्नम्मांनी काठी भिंतीला टेकवली. मागे घसरलेला पदर दोन्ही हातांनी ओढून डोक्यावर घेतला, कपाळापर्यंत. सकाळपासून त्या आमच्याशी मराठीत बोलत होत्या. आता त्या कानडीत बोलल्या, पडद्याकडे बघून.

"ईग बंद्री?"

म्हणजे, आत्ता आलात?

अक्का स्टुलावरून उठली. तिने मला दंडाला धरून बाहेर आणलं आणि पडदा ओढून घेतला. तिचे डोळे भरले होते आणि ते पुसायची तिला लाज वाटत नव्हती. दयानंदभाऊ पायरीपाशी चहाचा कप घेऊन उभे होते.

"झालं का, अक्का?"

"झालं. पण एवढ्यात आत जाऊ नका. अव्वा बोलून राहिल्या."

"कुणासंग?"

आतून रत्नम्मांचा आवाज येत होता, हळू, मध्येच रागाचा, मध्येच काहीतरी विचारल्यासारखा. दयानंदभाऊ कान देऊन ऐकत राहिले.

"अप्पा गेल्यापासून आमच्या घरात कानडी कुणी बोललं न्हाई," ते म्हणाले. "अव्वा कानडी बोलायची ती फक्त अप्पांसंग." आणि कप खाली ठेवून ते दुकानाच्या पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.